वडिलांनी मागितलेले गाणे

जॅझ म्हटले की आपल्याकडच्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जुन्या हिंदी चित्रपटातला क्लब उभा राहतो. धूर, लाल दिवे, खलनायकाच्या हातात पेला आणि मागे कुणीतरी चकाकते शिंग तोंडाला लावून फुंकतो आहे. गाण्याबजावण्याचा नाद असलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी हे संगीत याच कारणाने दूर ठेवले. ज्या घरांत नाट्यगीते आणि अभंग ऐकत आम्ही वाढलो तिथे त्याला ‘गोंगाट’ असे एकच नाव होते. मीही अनेक वर्षे त्याच मताचा होतो. पुढे गोव्याकडच्या एका स्नेह्याने एक तबकडी हाती दिली आणि म्हटले, “बाकीचे राहू द्या, पहिल्या बाजूचे पहिले गाणे तेवढे ऐका. बापाचे गाणे आहे.” त्या तबकडीविषयी आणि ती करणाऱ्या माणसाविषयी चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तबकडीचे नाव ‘साँग फॉर माय फादर’. पियानोवादक आणि वृंदनायक होरेस सिल्व्हर. ब्लू नोट नावाच्या न्यूयॉर्कच्या कंपनीने ती काढली. मूळ तबकडीत सहा रचना आहेत आणि त्या दोन वेगवेगळ्या दिवशी ध्वनिमुद्रित झाल्या आहेत : ३१ ऑक्टोबर १९६३ आणि २६ ऑक्टोबर १९६४. मध्ये जवळजवळ एक वर्ष गेले. त्या वर्षात सिल्व्हरने आपला पाच वर्षांचा जमलेला संच मोडला, नवा उभा केला, ब्राझीलची वारी केली, आणि वडील कित्येक वर्षे जे मागत होते ते त्यांना देऊन टाकले. म्हणून ही तबकडी सलग ऐकणे म्हणजे एका माणसाचे उलटणारे वर्ष ऐकणे आहे.

आधी वडिलांविषयी. त्यांचे नाव जॉन तावारिस सिल्व्हर. मूळ आडनाव सिल्वा. अमेरिकेत त्याचे सिल्व्हर झाले. ते केप व्हर्द बेटांपैकी मायो या बेटावरचे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोर अटलांटिक महासागरात विखुरलेली ही बेटे. पोर्तुगीज पंधराव्या शतकात तिथे पोहोचले तेव्हा तिथे मनुष्यवस्ती नव्हती. पोर्तुगीज वसाहतवाले आणि त्यांनी आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम यांच्यातून तिथला समाज घडला. भाषा मिश्र, रक्त मिश्र, गाणेही मिश्र. ज्यांच्या आजोळी पणजी-मडगावकडचे नातेवाईक आहेत त्यांना हे चित्र थोडे ओळखीचे वाटेल, कारण गोवा १९६१ पर्यंत आणि केप व्हर्द १९७५ पर्यंत एकाच लिस्बनच्या सत्तेखाली होते. साम्य मात्र फार ताणू नये. गोव्यात पोर्तुगीज येण्यापूर्वी हजारो वर्षांची वस्ती, देवळे आणि भाषा होती. केप व्हर्दमध्ये सारे शून्यातून आणि गुलामगिरीतून उभे राहिले. त्यात पाऊस बेभरवशाचा. दुष्काळामागून दुष्काळ. माणसे देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर चढून अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याला जाऊ लागली आणि तिथेच राहिली. निरोपाची, आठवणीची, समुद्राची गाणी हा त्या बेटांचा ठेवा आहे. ‘मोर्ना’ नावाचा त्यांचा संथ गीतप्रकार त्यातूनच आला.

अशाच एका स्थलांतरित बापाच्या पोटी होरेसचा जन्म २ सप्टेंबर १९२८ रोजी कनेटिकट राज्यातील नॉरवॉक या गावी झाला. वडील रबराच्या कारखान्यात कामाला. आई होरेस नऊ वर्षांचा असताना गेली. वडिलांना व्हायोलिन, गिटार, मँडोलिन वाजवता येई, सगळे कानावरून शिकलेले. शनिवारी-रविवारी घरात मित्र जमत आणि बेटावरची गाणी होत. पोराने ती ऐकली आणि पुढे पुष्कळ काळ बाजूला ठेवली. बापाची भजनी मंडळातली पेटी ऐकत वाढलेल्या मुलाने कॉलेजात गेल्यावर तिचे नाव काढू नये, तसेच हे.

त्याचे डोके फिरवले ते वेगळ्याच गोष्टीने. जवळच्या एका सहलीच्या ठिकाणी रविवारी मोठे वाद्यवृंद येत. एकदा वडील मुलांना घेऊन गेलेले असताना जिमी लन्सफर्डचा वृंद वाजवत होता. कृष्णवर्णीयांना आत प्रवेश नव्हता. बाहेर उभे राहून, भिंतीच्या फटींतून त्या मुलाने वृंद ऐकला. आत वाजवणारे सारे कृष्णवर्णीय आणि ऐकायला आत जाता येत नाही ते कृष्णवर्णीय. आपण संगीतकारच व्हायचे हे त्याने तेव्हा ठरवले. त्या वयात त्याला या विसंगतीचे किती कळले असेल कोण जाणे. पण आपल्या रचनांचा मालक आपणच असले पाहिजे हा त्याचा पुढचा हट्ट अशा अनुभवांशिवाय समजत नाही. त्याविषयी पुढे लिहितो.

१९५० मध्ये सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ याने हार्टफर्ड शहरात त्याला ऐकले आणि आपल्याबरोबर घेतले. पुढच्याच वर्षी सिल्व्हर न्यूयॉर्कला आला. १९५२ मध्ये ब्लू नोटमध्ये त्याच्या नावाने पहिले ध्वनिमुद्रण झाले, तेही योगायोगाने : दुसऱ्या एका वादकाची वेळ ठरली होती, त्याला जमले नाही, ती वेळ सिल्व्हरला मिळाली. त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ तो त्याच कंपनीत राहिला.

आता ‘हार्ड बॉप’ या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. १९४० च्या दशकात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी जॅझची नाचाशी असलेली गाठ सोडवली. त्यांचे ‘बीबॉप’ अतिशय वेगवान आणि गुंतागुंतीचे. ते बसून ऐकायचे संगीत झाले. त्यानंतर एक ‘कूल’ म्हणजे थंड, संयत शैली आली आणि विशेषतः कॅलिफोर्नियाकडे ती फोफावली. तिचा नाद सुरेख, पण त्यात घाम दिसेना. १९५० च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क, डेट्रॉइट, फिलाडेल्फियाकडच्या तरुण कृष्णवर्णीय वादकांनी बीबॉपची विद्या ठेवली आणि तिच्यात आपल्या वस्तीतल्या दोन गोष्टी पुन्हा मिसळल्या : एक ब्लूज, दुसरी चर्चमधली टाळ्यांची, हाक-प्रतिसादाची भजने. हे हार्ड बॉप. सिल्व्हर आणि ड्रमवादक आर्ट ब्लेकी यांचा ‘जॅझ मेसेंजर्स’ हा संच या प्रवाहाच्या उगमाशी उभा आहे.

याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. १९५५ च्या ध्वनिमुद्रणासाठी सिल्व्हरने ‘द प्रीचर’ नावाची रचना आणली. ब्लू नोटचा संस्थापक आल्फ्रेड लायन याला ती फारच जुनाट, गावंढळ वाटली. ती गाळावी असे त्याचे मत होते. सिल्व्हर अडून बसला. रचना तबकडीवर गेली आणि चांगलीच खपली. लायन हा बर्लिनहून आलेला, जॅझवर जिवापाड प्रेम करणारा माणूस. त्याने १९३९ मध्ये ही कंपनी काढली, वादकांना तालमीचेही पैसे दिले, जे त्या धंद्यात कोणी देत नसे. अशा चांगल्या कानाच्या माणसालाही त्या वादकांच्या वस्तीतला चर्चचा सूर ‘जुनाट’ वाटावा! बाहेरच्या रसिकाला जे मागासलेले वाटते तेच पुष्कळदा आतल्या माणसाचे भांडवल असते, हे आपल्याकडच्या लोककलांच्या बाबतीतही आपण पाहिलेच आहे.

१९५६ मध्ये सिल्व्हर मेसेंजर्समधून बाहेर पडला. संचातल्या अमली पदार्थांच्या वातावरणाला तो कंटाळला होता. त्या पिढीतले कितीतरी गुणी वादक त्या व्यसनाने खाल्ले. सिल्व्हर त्यापासून दूर राहिला आणि म्हणूनच पंचेचाळीस-पन्नास वर्षे काम करू शकला. स्वतःचा पंचक-संच त्याने काढला : ट्रम्पेट, टेनर सॅक्सोफोन, पियानो, डबल बेस, ड्रम्स. हार्ड बॉपचा हा ठरलेला साज आहे. १९५९ पासून ब्लू मिचेल हा ट्रम्पेटवर आणि ज्युनिअर कुक सॅक्सोफोनवर, अशी जोडी त्याच्याकडे होती.

वृंदनायक म्हणजे नेमके काय, हे इथे थांबून सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे मुख्य गायक आणि साथीदार अशी विभागणी असते आणि तीच आपण डोक्यात धरतो. जॅझच्या पंचकात प्रत्येकाला एकट्याने विस्तार करायची पाळी येते. नायक त्यात एकटाच भाव खाऊन जात नाही. रचना त्याची, माणसांची निवड त्याची, कोण कुठे बोलेल हे त्याने ठरवायचे. सिल्व्हर याबाबत फार काटेकोर. दोन शिंगांचे स्वर तो असे रचून देई की पाचजणांचा संच आठ-दहाजणांचा वाटावा. बहुतेक संच सुरुवातीला धून वाजवून मोकळे होत, मग प्रत्येकजण वाटेल तसा उधळे, शेवटी परत धून. सिल्व्हर मध्ये मध्ये लिहून ठेवलेले तुकडे पेरी. आपल्याकडे एखादा जाणता पेटीवाला जागा हेरून मुखडा भरतो, तसे.

त्याचे स्वतःचे वादनही याच स्वभावाचे. त्याच्या आधीचा थोर पियानोवादक बड पॉवेल याच्या बोटांतून स्वरांचा धबधबा पडे. सिल्व्हर त्याच्याच वाटेने निघाला, पण थोड्या वर्षांत त्याने स्वर कमी केले. छोटी वाक्ये, ठसठशीत, बोलल्यासारखी. एखादे वाक्य आवडले की तेच दोनदा-तीनदा, किंचित फिरवून. डावा हात खाली खर्जात गुरगुरत राहतो. दुसरा कोणी वाजवत असताना तो जी साथ करतो ती तर ऐकण्यासारखी आहे. आपल्या पेटीवाल्यासारखा तो गायकामागे सावलीसारखा चालत नाही. मागून ढुसण्या देतो. काहींना ते जास्त वाटते. मला वाटत नाही, पण ज्यांना वाटते त्यांची तक्रार समजू शकते.

१९६३ च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या संचाने जे वाजवले त्यातल्या दोन रचना तबकडीवर आहेत. त्यातील ‘कॅलकटा क्यूटी’ हे नाव ऐकून आपले कान टवकारतात. फार आशा धरू नये. कोलकत्याचे त्यात काही नाही. ती एका अमेरिकन माणसाच्या मनातली ‘पूर्व दिशा’ आहे, थोडी गूढ, थोडी सिनेमातली. तरीही संथ लयीतला पियानो छान आहे आणि ड्रमवादक रॉय ब्रुक्सची नाजूक साथ लक्षात राहते. दुसरी ‘लोनली वूमन’. ऑर्नेट कोलमनची याच नावाची एक प्रसिद्ध रचना आहे, तिचा हिच्याशी संबंध नाही. इथे शिंगे गप्प आहेत. पियानो, बेस आणि ड्रम्स एवढेच. तबकडीच्या शेवटी ही रचना ठेवण्यात सिल्व्हरचा नेमका हिशोब दिसतो. सगळी गर्दी पांगल्यावर एक माणूस एकटा पियानोपाशी उरतो.

जानेवारी १९६४ मध्ये त्याच जुन्या संचासह पुन्हा ध्वनिमुद्रण झाले. त्यातले एकही काम मूळ तबकडीवर आले नाही. कित्येक वर्षांनी पुनर्मुद्रणात ते ऐकायला मिळाले. मग फेब्रुवारीत सिल्व्हर ब्राझीलला गेला. कार्निव्हलचे दिवस, पाहुणचाराला तरुण पियानोवादक सर्जिओ मेंडिस. रिओमध्ये त्याने बोसा नोव्हाचा ताल जवळून ऐकला.

त्याच्या वडिलांचे एक जुने मागणे होते. आपल्या बेटावरची एखादी धून घे आणि तिचे जॅझ कर, असे ते मुलाला सांगत. मुलाला ते जमत नव्हते. ती गाणी आणि आपले संगीत यांचा सांधा त्याला सापडत नव्हता. ब्राझीलहून परतल्यावर नव्या तालावर काहीतरी रचावे म्हणून तो पियानोपाशी बसला आणि जी धून निघाली ती ब्राझीलपेक्षा बापाच्या घरातल्या बैठकीच्या जवळची आहे असे त्याला स्वतःलाच आढळले. ही हकीकत त्यानेच सांगितलेली आहे. मला तिच्यात नवल वाटत नाही. ब्राझीलही पोर्तुगीज आणि आफ्रिकी यांच्या मिश्रणातूनच झालेला. एकाच जहाजाने दोन बंदरांत टाकलेला माल म्हणा. घरात जी गोष्ट दिसत नव्हती ती दुसऱ्या बंदरात दिसली. कुमार गंधर्वांना देवासला अंथरुणाला खिळलेले असताना माळव्याच्या लोकधुनांतून रागाचे बीज दिसले, हे आपल्याकडचे उदाहरण अनेकांना आठवेल. फरक इतकाच की कुमारजी परक्या गावात लोकधुनेपाशी पोहोचले आणि सिल्व्हर परक्या देशातून आपल्याच स्वयंपाकघरात परतला.

त्यानंतर त्याने संच बदलला. मिचेल, कुक आणि बेसवादक जीन टेलर हे तिघे एकत्रच राहिले आणि मिचेलच्या नावाने त्यांनी वेगळा संच केला. त्यांच्या पियानोवर त्या वेळी नवखा असलेला चिक कोरिया होता. सिल्व्हरकडे कार्मेल जोन्स ट्रम्पेटवर, टेडी स्मिथ बेसवर, वीस वर्षांचा रॉजर हम्फ्रीज ड्रम्सवर आणि सॅक्सोफोनवर जो हेंडर्सन आला. जमलेला संच मोडणे हे सोपे काम नव्हे. पाच वर्षांत जुन्या मंडळींना त्याच्या डोळ्याचा इशारा कळत होता. पण नव्या सामग्रीला नवे कान लागतात, असा त्याचा निर्णय दिसतो. हेंडर्सन नसता तर ही तबकडी चांगली झाली असती, पण आज तिच्याविषयी लिहावेसे वाटले नसते.

आता शीर्षकगीत कसे बांधले आहे ते पाहू. घरात पेटी असेल तर ती जवळ घ्या. पांढरी चारचा सा धरा. आता वरच्या षड्जापासून खाली उतरा : सा, कोमल नि, कोमल ध, प. एवढाच या गाण्याचा कणा आहे. डबल बेस याच चार पायऱ्या उतरतो. प्रत्येक पायरीवर थांबून तो स्वर आणि त्याचा पंचम यांच्यात झोके घेतो आणि परत षड्जावर येतो. मात्र पाश्चात्य पद्धतीत प्रत्येक पायरीवर एक स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, उभा असतो. नि वर उभे असताना जगाचा रंग वेगळा, ध वर वेगळा. आणि पंचमावर जो कॉर्ड येतो त्यात शुद्ध निषाद लपलेला असतो. षड्जाच्या अगदी उंबऱ्यावरचा तो स्वर कानाला घराकडे ओढतो. म्हणून इतक्या वेळा तीच उतरण ऐकूनही घरी आल्याचे समाधान दर वेळी मिळते. आपल्या कानांना ग, ध, नि कोमल असलेली आसावरी थाटाची छाया इथे जाणवेल, पण राग शोधत बसू नये. हे रागसंगीत नाही. स्वर तेच असले तरी त्यांचे आपसातले नाते वेगळ्या कायद्याने चालते.

धूनेचे तीन भाग आहेत. पहिला आठ ओळींचा, मग तोच पुन्हा, मग वेगळा आठ ओळींचा. इथे ओळ म्हणजे चार मात्रांचे एक घर. म्हणजे चोवीस घरे, शहाण्णव मात्रा. आमच्याकडच्या एका तबला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मी हे ऐकवले तेव्हा तो मांडीवर बोटांनी मोजत बसला आणि शेवटी म्हणाला, “सर, तीनतालाची बरोब्बर सहा आवर्तने. मग समेवर.” अगदी खरे. विस्तार चालू असतानाही ही सहा आवर्तने आतल्या आत फिरत राहतात. वादक कितीही दूर गेला तरी आपण कोणत्या घरात आहोत हे त्याला आणि साथीदारांना ठाऊक असते. आपल्याकडे तालाचे आवर्तन पक्के असते आणि राग हे एक मोकळे रान असते. इथे तालाबरोबर स्वरांच्या पायऱ्याही आवर्तनात बांधलेल्या असतात. जॅझ ऐकताना ‘हा काय वाटेल ते वाजवतोय’ असे ज्यांना वाटते त्यांनी एवढे एक ध्यानात ठेवून पुन्हा ऐकावे. मुखडा मनात गुणगुणत राहावे आणि वादकाने पुढे काय केले ते त्यावर ठेवून पाहावे.

सुरुवातीला ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन जोडीने, थोड्या अंतरावरचे स्वर घेऊन धून वाजवतात. हा नाद दोन माणसे खांद्यावर हात टाकून गात चालल्यासारखा आहे. धूनही कशी, तर कोणालाही गुणगुणता येईल अशी. मग सिल्व्हर स्वतः विस्तार करतो. त्यात एकही अवघड जागा नाही. ब्लूजची चार वाक्ये, मोडलेली, जोडलेली. मग हेंडर्सन. हा ओहायोतल्या लायमा गावचा, डेट्रॉइटमध्ये शिकलेला, त्या वेळी सत्तावीस वर्षांचा. तो घाई करीत नाही. खालच्या सप्तकात, जवळजवळ पुटपुटल्यासारखा तो सुरू होतो, एखादा स्वरगट घेऊन त्याला उलटसुलट करतो. मागे सिल्व्हरच्या ढुसण्या वाढू लागतात, हम्फ्रीजचा हात जड होतो, आणि सॅक्सोफोनचा आवाज खरखरीत होत होत हाकेपर्यंत पोहोचतो. सात मिनिटांच्या या रचनेत ट्रम्पेटला एकट्याने वाजवायची पाळीच नाही. कार्मेल जोन्ससारखा सुरेल वादक हाताशी असताना त्याला गप्प ठेवणे, यालाच मी वृंदनायकी म्हणतो. हेंडर्सन जिथे पोहोचला तिथून पुढे आणखी कोणी काही सांगण्यात अर्थ नव्हता. तिथे धूनच परत यायला हवी होती, आणि ती येते.

बाकीच्या रचनांविषयी थोडक्यात. ‘द नेटिव्ह्ज आर रेस्टलेस टुनाइट’ हे नाव वसाहतीच्या काळातल्या चित्रपटांतल्या गोऱ्या साहेबाचे वाक्य आहे : जंगलात ढोल वाजतात आणि साहेब म्हणतो, आज ‘नेटिव’ अस्वस्थ दिसतात. ते १९६४ साली, नागरी हक्कांचा कायदा नुकताच झाला असताना, कृष्णवर्णीय नायकाने आपल्या द्रुत रचनेला द्यावे यातली मिश्किली लपत नाही. ‘के पासा’, म्हणजे ‘काय चाललंय?’, ही शीर्षकगीताच्याच कुळातली, पण अधिक अंधारी. ती त्याने १९६३ मध्येही त्रिकुटात वाजवून पाहिली होती. ‘द किकर’ हेंडर्सनची आहे. स्वतःच्या तबकडीवर नव्या माणसाची रचना घेणे हेही नायकाचेच काम. तबकडीत ती थोडी उपरी वाटते हे मान्य केले पाहिजे.

ध्वनिमुद्रण न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्स येथे रूडी व्हॅन गेल्डर याच्या स्टुडिओत झाले. हा मूळचा चष्म्याचे नंबर काढणारा. सुरुवातीची वर्षे त्याने आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रणे केली. त्या काळच्या इतक्या तबकड्यांचा आवाज त्याच्या हातून घडला आहे की हार्ड बॉपचा नाद म्हणून जो आपल्या कानात बसला त्यात त्याचाही वाटा धरायला हवा. आणि वेष्टनावर? ब्लू नोटच्या वेष्टनांवर सहसा वादकाचे छायाचित्र असे. इथे डोक्यावर हॅट घातलेले एक वयस्क गृहस्थ आहेत. जॉन तावारिस सिल्व्हर. रबराच्या कारखान्यातल्या कामगाराचे छायाचित्र जॅझच्या दुकानांच्या काचेत लागले.

तबकडी ब्लू नोटच्या मानाने फार खपली. याच सुमारास ली मॉर्गन या ट्रम्पेटवादकाची ‘द साइडवाइंडर’ हीदेखील अशीच गाजली. यशाने छोट्या कंपनीला सुख लागेल असे वाटते, झाले उलट. विक्रेत्यांना आता दर वेळी तशीच तबकडी हवी होती. १९६५ मध्ये ब्लू नोट लिबर्टी या मोठ्या कंपनीकडे गेली आणि थोड्याच वर्षांत लायन निवृत्त झाला. त्याच्या पद्धतीची, म्हणजे पैसे देऊन तालीम आणि मगच ध्वनिमुद्रण, ती घडी विसकटली.

सिल्व्हरचे मात्र नुकसान झाले नाही, कारण त्याने एक शहाणपणा आधीच केला होता. १९५० च्या दशकातच त्याने स्वतःची संगीत-प्रकाशन संस्था काढली. नाव ‘एकॅरो’, म्हणजे ‘होरेस’ची अक्षरे उलटी लिहून. त्या काळी कृष्णवर्णीय रचनाकाराने धून रचायची, चार डॉलर घ्यायचे आणि कागदावर सही करून मालकी दुसऱ्याला द्यायची, हाच रिवाज होता. कित्येकांच्या प्रसिद्ध धुनांवर इतरांनी बंगले बांधले. सिल्व्हरने सही केली नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी या बाजूकडे जरूर पाहावे. संगीताच्या पुस्तकांत ती एका ओळीत उरकलेली असते. १९६९ मध्ये गायक लिऑन थॉमसने हे गाणे शब्दांसह गायले. १९७४ मध्ये स्टीली डॅन या रॉक संचाच्या गाजलेल्या गाण्याच्या आरंभी त्याच बेसचे ते झोके जवळजवळ जसेच्या तसे ऐकू आले. ज्यांनी होरेस सिल्व्हर हे नाव कधी ऐकले नाही अशा लाखो लोकांच्या कानांत मायो बेटाची उतरण अशी पोहोचली.

आपल्याकडे हे संगीत अगदीच परके होते असेही नाही. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्य स्वरलेखन वाचायला शिकवत. तिथून शिकून निघालेले वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसत. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ, फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी ही नावे जुन्या लोकांना आठवतील. १९७८ मध्ये मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली आणि सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स तिथे वाजवून गेला. तेव्हा लेखाच्या सुरुवातीला ज्या क्लबच्या दृश्याची मी थट्टा केली त्यात शिंग फुंकणारा माणूस पुष्कळदा खरा, शिकलेला कलावंत होता. आपण पाहत होतो खलनायकाकडे.

१९६५ च्या ऑक्टोबरमध्ये सिल्व्हरने पुढची तबकडी केली, तिचे नाव ‘द केप व्हर्दियन ब्लूज’. एकदा सांधा सापडल्यावर तो सोडायला तयार नव्हता. ट्रम्पेटवर आता वुडी शॉ होता आणि काही रचनांत ज्येष्ठ ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सन. १८ जून २०१४ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी सिल्व्हर गेला. आत्मचरित्र त्याने २००६ मध्ये लिहून ठेवले होते.

हल्ली ही तबकडी ऐकणे अवघड राहिलेले नाही. खिशातल्या फोनवरही मिळते. फक्त बेसचा स्वर फोनच्या इवल्या कर्ण्यातून नीट येत नाही आणि या गाण्यात तोच मुख्य आहे. चांगला स्पीकर लावा, पेटी असल्यास शेजारी ठेवा, पांढरी चारचा सा धरा आणि पहिल्या झोक्यापासून बरोबर उतरा.